शाळेत न गेलेल्या ज्येष्ठांचे एमएमएसईचे गुण कमी आले, तर त्यांना कुठल्या गटात घालायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात मानसशास्त्रात पीएच.डी. करता आणि विषय आहे वाढतं वय आणि स्मरणशक्ती. कोथरूडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघातून ६० आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतून ६० अशा १२० जणांची एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, स्मरण आणि विचारशक्ती चटकन तपासणारी तीस गुणांची चाचणी) घेऊन झाली. संघातल्या बहुतेकांना २७-२८ गुण, वस्तीतल्या जवळजवळ निम्म्यांना २४ पेक्षा कमी. गाईड म्हणतात, २४ च्या खालच्यांचा 'कॉग्निटिव्ह ऱ्हास' (बौद्धिक क्षमतांची घसरण) असा गट करा आणि पुढच्या प्रकरणाला लागा. तुमच्या मनाला ते पटत नाही, कारण त्या गटातल्या कित्येक बायका आजही चार घरची कामं करून स्वतःचं घर चालवतात. तुम्ही तीन पर्याय विचारलेत: चाचणी बदलू का, नमुना वाढवू का, की शाळेत न गेलेल्यांना वगळू?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. विसरायला होतं म्हणून येणाऱ्या ज्येष्ठांच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम, आणि त्यासोबत एम.ए. आणि पीएच.डी.च्या मुलामुलींना त्यांच्या प्रबंधात मदत करते. तुमची शंका रास्त आहे. तिन्ही पर्यायांबद्दल सांगते, पण त्याआधी आपण मोजतोय काय, हे पाहू. अडचण तिथे आहे. ती न सोडवता यातला कुठलाही पर्याय घेतला, तरी निष्कर्ष तितकाच कच्चा राहील.

एमएमएसईचा कागद समोर घ्या आणि तीस गुणांची फोड करा. वेळेचं भान ५, जागेचं भान ५, तीन शब्द ऐकून लगेच म्हणणं ३, शंभरातून सात-सात वजा करणं किंवा शब्दाची अक्षरं उलटी सांगणं ५, ते तीन शब्द पुन्हा आठवणं ३, वस्तूंची नावं २, वाक्य जसंच्या तसं म्हणणं १, तीन पायऱ्यांची सूचना पाळणं ३, वाचून तसं करणं १, एक वाक्य लिहिणं १ आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढणं १. आता यातलं सरळसरळ शाळेशी बांधलेलं किती ते मोजा. वजाबाकीचे ५, वाचनाचा १, लेखनाचा १, आकृतीचा १. झाले ८. ज्या बाईने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिने बाकी सगळं अचूक केलं तरी ती २२ वर थांबते. म्हणजे २४ च्या खाली जायला तिची स्मरणशक्ती बिघडावी लागतच नाही. आणि ज्या स्मरणशक्तीवर तुमचा प्रबंध आहे, तिला या चाचणीत सरळ मिळतात फक्त ३ गुण.

हा माझा तर्क आहे असं गाईडना वाटायला नको, म्हणून एक जुना आधार सोबत ठेवा. एमएमएसई १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी रुग्णालयातल्या रुग्णांची खाटेजवळच चटकन तपासणी करता यावी म्हणून तयार केली. पुढे १९९३ मध्ये तिथल्याच १८,०५६ प्रौढांचे गुण वय आणि शिक्षणाप्रमाणे मांडले गेले. नऊ वर्षं किंवा जास्त शिकलेल्यांचा मध्यक (बरोबर मधला गुण) २९ आला, पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६, आणि चार वर्षांपर्यंत किंवा अजिबात न शिकलेल्यांचा २२. हे रुग्ण नव्हते, समाजात राहणारी साधी माणसं होती. चाचणी ज्या देशात जन्मली तिथेच कमी शिकलेल्या माणसाचा नेहमीचा आकडा २२ असेल, तर दांडेकर पुलाच्या वस्तीत २४ ची रेघ कशाच्या जोरावर मारायची?

हीच रेघ वरच्या टोकालाही फसवते. निवृत्त प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, वकील असे गृहस्थ क्लिनिकमध्ये येतात आणि २८ गुण घेऊन जातात. बायको मात्र सांगते, की सोसायटीचा मेंटेनन्स यांनी दोनदा भरला, तेच पुस्तक पुन्हा आणलं, लक्ष्मी रोडवरून घरी येताना चुकले. त्यांच्यासाठी ही चाचणी इतकी सोपी आहे की बरंच काही गळून गेलं तरी गुण शाबूत राहतात. म्हणजे संघातले तुमचे साठच्या साठ जण 'निरोगी' धरणं हेही तितकंच धोक्याचं आहे. याकडे विद्यार्थ्यांचं सहसा लक्ष जात नाही.

मात्र इथून उलट्या टोकाला जाऊ नका. 'वस्तीतल्यांना काहीही झालेलं नाही, दोष सगळा चाचणीचा', असंही म्हणता येणार नाही. लहानपणी शिक्षण कमी मिळणं हे डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शियावरच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे जे १४ घटक आहेत, त्यात ते आहे, आणि रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, न सुधारलेली दृष्टी, नैराश्य, एकटेपण, हवेचं प्रदूषण हेही आहेत. यातल्या किती गोष्टी कोथरूडपेक्षा वस्तीत जास्त सापडतील याचा तुम्हीच अंदाज करा. लासी-डॅड या डिमेन्शियावरच्या भारतभरच्या अभ्यासात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, आणि ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा ग्रामीण भागात जास्त होतं. तेव्हा तुमच्या दोन गटांतल्या फरकात खरा आजारही आहे आणि चाचणीचा पक्षपातही. दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेत, आणि त्या एका आकड्यातून ते वेगळे काढता येत नाहीत.

ते वेगळे करायला दोन गोष्टी लागतात: माणसाचं रोजचं वागणं, आणि त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या पातळीपासून झालेला बदल. डिमेन्शियाचं निदानही याच दोन गोष्टींवर उभं असतं. नेमकं हेच तुमच्या माहितीत नाही. म्हणून चाचणी बदलण्यापेक्षा घरच्यांची मुलाखत जोडा.

ही मुलाखत कशी घ्यायची, यावर जरा थांबते. कारण ती नीट झाली तर प्रबंध उभा राहतो. 'आजी विसरतात का?' असं विचारलंत की उत्तर ठरलेलं: 'आता वयच झालं त्यांचं.' किंवा सून वैतागलेली असेल तर, 'सारखंच विसरतात.' दोन्हीतून हाती काही लागत नाही. त्याऐवजी एकेक काम धरा. रेशनच्या दुकानातून काय काय आणायचं हे त्यांना सांगून पाठवता का, की चिठ्ठी द्यावी लागते? सुट्टे पैसे बरोबर परत आणतात का? बीपीची गोळी स्वतः घेतात, की तुम्ही काढून देता? पुरणाला किती डाळ भिजवायची हे अजून त्याच सांगतात का? गॅस चालू राहिला असं कधी झालंय का? नातवाचं लग्न ठरल्याचं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी लक्षात होतं का? आणि प्रत्येक उत्तरावर पुढचा प्रश्न ठरलेला ठेवा: 'चार-पाच वर्षांपूर्वी कसं होतं?' जी बाई कधीच बँकेत गेली नाही, तिला आज बँकेचं जमत नाही याला काही अर्थ नाही. जी दर महिन्याला भिशीचा हिशेब ठेवायची आणि गेल्या वर्षी तो तिने शेजारणीकडे सोपवला, तिच्याबद्दल मात्र थांबून विचारायला हवं.

यासाठी शून्यातून प्रश्नावली करायची गरज नाही. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला, त्यात निरक्षर ज्येष्ठांच्या दैनंदिन कामांसाठी 'एव्हरीडे अ‍ॅबिलिटीज स्केल फॉर इंडिया' बनवलं गेलं. घरच्यांनी दहा वर्षांपूर्वीशी तुलना करून सांगायची आयक्यूकोड ही दुसरी प्रश्नावली जगभर वापरात आहे. दोन्हींचं मराठी करताना ज्या कामांचा उल्लेख आहे ती कामं तुमच्या वस्तीत कोण करतं, हे आधी तिथल्याच चार बायकांना विचारून घ्या. मुलाखत ज्येष्ठांच्या समोर घेऊ नका. त्यांच्या देखत सून खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर त्यांना ते लागेल. शक्य असेल तिथे दोघांना वेगवेगळं विचारा. दिवसभर घरी असणारी सून आणि रात्री येणारा मुलगा एकाच माणसाचं वर्णन अगदी वेगळं करतात, आणि तो फरक ही सुद्धा माहितीच असते.

एक सावधगिरी. वस्तीत तुम्हाला अशा आजी भेटतील ज्यांना अख्खा हरिपाठ तोंडपाठ आहे, जात्यावरच्या ओव्या एकामागून एक म्हणतील. ते ऐकून 'यांची स्मरणशक्ती उत्तम आहे' असं लिहायचा मोह होतो. पण आयुष्यभर घोटलेलं पाठांतर डिमेन्शियात पुष्कळ उशिरापर्यंत टिकतं. नवीन गोष्ट मनात उतरते का आणि पाच-दहा मिनिटांनी वर येते का, हे वेगळं तपासावं लागतं. त्यासाठी शब्दांची यादी दोन-तीनदा ऐकवून शिकवणारी, मग थोड्या वेळाने आठवायला लावणारी आणि शेवटी 'यातला शब्द होता का' असं ओळखायला सांगणारी चाचणी घ्या. तिला वाचता-लिहिता येण्याची गरज नाही, आणि तुमच्या विषयाला ती एमएमएसईपेक्षा कितीतरी जवळची आहे.

आता चाचणी घेण्याच्या जागेकडे वळू. दहा बाय बाराची खोली, डोक्यावर घरघरणारा पंखा, कोपऱ्यात कुकर, दारात डोकावणारी मुलं. तुम्ही तीन शब्द म्हणता. समोरच्या काकांना त्यातला एक धड ऐकूच आलेला नाही. त्यांनी मान डोलावली, कारण परत विचारायला संकोच वाटला. पाच मिनिटांनी तो शब्द आठवला नाही म्हणून तुम्ही एक गुण कापला. हा गुण स्मरणशक्तीचा नव्हे, कानाचा गेला. म्हणून आधी शब्द त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचेच, आणि तीनही नीट उमटेपर्यंत पुढे जायचं नाही. सुरुवातीला त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून कुजबुजत आकडे सांगायचे आणि त्यांनी ते म्हणायचे, एवढी साधी श्रवणतपासणी करून नोंदवा. चष्मा आहे का, असला तर लावलाय का, मोतीबिंदू झालाय का, हेही. शेजारी बसलेली मुलगी 'अगं आई, सांग ना, कालच तर बोललो आपण' म्हणून सुचवू लागली, तर तिला प्रेमाने चहा टाकायला सांगा.

मग येतात शरीर आणि मन. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधं, नैराश्यावरची काही जुनी औषधं ज्येष्ठांच्या स्मरणावर थेट परिणाम करतात. घरात असेल ती औषधांची पिशवी बघायला मागा आणि नावं उतरवून घ्या. थायरॉइड आणि बी-१२ यांची कमतरता भरून काढता येते, म्हणून त्यांची चौकशी चुकवू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने बी-१२ ची कमतरता आपल्या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत किती सर्रास आहे हे दाखवून दिलंय. रक्ततपासणी तुमच्या आवाक्यात नसेल तर नसू द्या, पण ती झाली नाही हे प्रबंधात लिहा. नैराश्यासाठी जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलची १५ प्रश्नांची छोटी आवृत्ती हो-नाही स्वरूपाची असल्याने वाचून दाखवता येते. आपल्याकडे मात्र पुष्कळ ज्येष्ठ 'मी दुःखी आहे' असं म्हणत नाहीत. 'अंग दुखतं, झोप नाही, कशात मन रमत नाही' असं म्हणतात. ते त्यांच्याच शब्दांत टिपा.

आता चाचणी मराठीत घेण्याबद्दल. 'आज तारीख काय?' यावर एका आजी गप्प राहतात आणि मग सांगतात, 'आज संकष्टी, चंद्र उशिरा आहे.' कॅलेंडर बघितलं तर खरंच संकष्टी. या बाईला काळाचं भान नाही असं कोण म्हणेल? अशा उत्तराला गुण द्यायचा की नाही, हा नियम पहिल्या माणसाच्या आधी ठरवा आणि सगळ्यांना सारखा लावा. वाटेत बदलू नका. सात-सातची वजाबाकी मराठीत जरा जडच जाते. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असे आकडे डोक्यात धरून ठेवणं हेच अर्धं काम असतं. त्याच बाईला 'वीस रुपयांतून तीन-तीन रुपये देत गेलीस तर किती उरले' म्हणा, ती झरझर सांगेल. बल्लभगढच्याच अभ्यासातून १९९५ मध्ये मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन मांडली. त्यात लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल एक वाक्य सांगा' आणि वाचून डोळे मिटण्याऐवजी 'मी करते तसं करा' अशा कृती आहेत. ती पद्धत नजरेखालून घाला. इतर चाचण्यांचंही पाहा. मोका (मॉन्ट्रिअल कॉग्निटिव्ह असेसमेंट) या तशाच चाचणीत बारा वर्षांपर्यंत शिकलेल्यांना एक जादा गुण देतात. म्हणजे बारावी झालेल्याला आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्याला एकच सवलत! कमी शिकलेल्यांसाठी २०१५ मध्ये मोका-बेसिक वेगळी केली गेली, ती तुमच्या जास्त उपयोगाची. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) चाचण्यांचा एक चांगला संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत तयार करवून घेतला. मराठी त्यांत नव्हती. चाचणीचं मराठी रूपांतर हाताशी असणं आणि त्या रूपांतराचे आपल्या लोकांवर काढलेले निकष असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरी कुठली भाषा बोलतात तेही विचारा. वस्तीत कन्नड, तेलुगू, दखनी बोलणारी घरं असतील. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि हा फरक कधी शाळेत न गेलेल्यांतही होता. दोन-तीन भाषांत रोजचे व्यवहार करणारे निरक्षर ज्येष्ठ आपल्याकडे जितके सहज भेटतात, तितके पाश्चात्त्य संशोधकांना भेटत नाहीत.

वयाचं एक सांगायचं राहिलं. आधार कार्डावर १ जून दिसली की सावध व्हा. शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली ती तारीख असते. ज्यांना शाळाच नव्हती त्यांचं साल तर पूर्ण अंदाजाचं. तुमच्या विषयात वय हाच मुख्य घटक आहे, तेव्हा घटनांवरून वय काढा. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. त्या वेळी तुम्ही केवढ्या होतात, परकरात होतात की लग्न होऊन आलेल्या? कोयनेचा भूकंप १९६७ च्या डिसेंबरात. १९७२ च्या दुष्काळात पुण्याला आलात, तेव्हा कडेवर कुठलं मूल होतं? अशा दोन-तीन खुणा जुळल्या की वय दोन-चार वर्षांच्या टप्प्यात बसतं.

आता तुमचे तीन पर्याय. चाचणी बदलू का? बदलू नका, भर घाला. घेतलेली एमएमएसई तशीच ठेवा आणि वर सांगितलेली शब्दयादी, घरच्यांची मुलाखत, कान-डोळे आणि नैराश्य जोडा. नमुना वाढवू का? याच दोन ठिकाणांहून आणखी शंभर जण घेतले तर तीच गल्लत मोठ्या आकड्यात होईल. वाढवायचाच असेल तर मधली माणसं आणा: वस्तीतले दहावी झालेले, मिलमधून किंवा महापालिकेतून निवृत्त झालेले, आणि कोथरूडमधल्या चौथीपर्यंत शिकलेल्या आजी. सध्या तुमच्याकडे शिक्षण आणि वस्ती एकमेकांना चिकटलेली आहेत. ती सुटल्याशिवाय 'शिक्षणाचा परिणाम सांख्यिकी पद्धतीने वगळला' हे वाक्य लिहू नका. जिथे एका गटात शिकलेले जवळजवळ नाहीतच, तिथे सॉफ्टवेअर आकडा देतं पण त्याला आधार नसतो. शिक्षणाची वर्षं आणि प्रत्यक्ष वाचता येणं हेही वेगळं नोंदवा. चौथी पास असून वाचता न येणारे असतात, आणि शाळा न पाहिलेले पण पोथी वाचणारेही असतात.

शाळेत न गेलेल्यांना वगळू का? हे कृपा करून करू नका. आपल्या देशातल्या साठीपुढच्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक कधी शाळेत गेलेले नाहीत. त्यांना वगळून 'भारतीय ज्येष्ठांची स्मरणशक्ती' म्हणून जे छापलं जातं, ते पेन्शनरांचं असतं. संघातून नमुना घेण्यात गैर काही नाही. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचं जाळं चांगलं आहे, मंडळी वेळ देतात, मनापासून उत्तरं देतात. पण तिथे येतो तो चालू शकणारा, ऐकू येणारा, माणसांत रमणारा ज्येष्ठ. घरात पडून असलेले तिथे येत नाहीत. निष्कर्ष तेवढ्यापुरता मांडा म्हणजे झालं.

शीर्षकाबद्दलही बोलायला हवं. तुम्ही प्रत्येकाला एकदाच भेटलात. ऐंशीचे आजोबा आणि साठीचे काका यांच्यातला फरक म्हणजे वीस वर्षांत होणारा ऱ्हास, असं मानता येत नाही. एक स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर जन्मलेला, दुसरा साठच्या दशकात. दोघांचं खाणं, शाळा, आजारपणं सगळंच वेगळं. वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून सिएटलमध्ये तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासली, तेव्हा एकाच वेळी वेगवेगळ्या वयोगटांची तुलना करून दिसणारी घसरण बऱ्याच क्षमतांत प्रत्यक्षात उशिरा सुरू होते असं दिसलं. पुन्हा तपासण्यातही सवयीमुळे गुण वाढतात, हा त्यातला दुसरा पेच. तेव्हा तुमच्या प्रबंधात 'वयानुसार ऱ्हास' नको, 'वयोगटांतील फरक' असू द्या. वयाबद्दल मोठं विधान करायचंच असेल, तर लासी या ज्येष्ठांच्या देशव्यापी पाहणीची माहिती वापरा. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-संशोधन संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबर २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांपुढच्या ७२,००० हून अधिक लोकांची पहिली फेरी केली. लासी-डॅडमध्ये त्यातल्याच ४,०९६ ज्येष्ठांच्या सविस्तर कॉग्निटिव्ह चाचण्या आहेत. संशोधकांना ही माहिती अर्ज करून मिळते. शिरूर तालुक्यात वढूलाही केईएमच्या संशोधन केंद्राने पन्नाशीपुढच्यांच्या आरोग्याची पाहणी जागतिक आरोग्य संघटनेच्या सेज अभ्यासाच्या जोडीने केली होती. पुणे जिल्ह्याची पार्श्वभूमी लिहायला ती वाचा.

पुढे काय, हे तुमच्या हातात किती महिने आहेत आणि सोबत कोणी डॉक्टर आहे का यावर ठरेल. सहा महिने असतील तर मी असं करेन. १२० पैकी कमी गुणांचे आणि जास्त गुणांचे, दोन्ही ठिकाणचे, मिळून काही जण निवडून दुसऱ्यांदा भेटायचं. घरच्यांची मुलाखत तुम्ही नाही, गुण माहीत नसलेल्या मैत्रिणीने घ्यायची. मग २४ च्या खाली असलेल्यांपैकी किती जणांच्या रोजच्या कामात खरोखर बदल झालाय आणि २७ च्या वर असूनही किती जणांत झालाय, हे मांडायचं. एवढं जरी नीट दाखवलंत तरी ते मराठी ज्येष्ठांबद्दलचं कामाचं संशोधन होईल. तीनच महिने असतील तर दुसरी भेट सोडा. एमएमएसईच्या गुणांची बाबवार फोड करा, शाळेशी बांधलेले ८ गुण वेगळे काढून उरलेले २२ दोन्ही गटांत कसे पडतात ते दाखवा, आणि 'ऱ्हास' हा शब्द कुठेही वापरू नका. गाईडशी वाद घालायला जाऊ नका. ही फोड कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा. अनुभवी माणसाला तो तक्ता बघून पुढचं सांगावं लागत नाही.

दुसऱ्या भेटीपूर्वी विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावाच लागेल, कारण आता घरच्यांचीही संमती हवी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वाचता न येणाऱ्यांच्या संमतीच्या वेळी तटस्थ साक्षीदार लागतो. अंगठा घेऊन मोकळं होता येत नाही. ज्यांना समजून होकार देणंच अवघड जातंय, त्यांच्या कायद्याने मान्य प्रतिनिधीची संमती घ्या, आणि ज्येष्ठांनी स्वतः मान हलवून नको म्हटलं तर तिथेच थांबा. अर्जात एक परिच्छेद असाही हवा, की कोणात खरा बदल किंवा तीव्र नैराश्य दिसलं तर त्यांना कुठे पाठवणार. ससूनची मानसोपचार ओपीडी, जवळचा महापालिकेचा दवाखाना, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे क्रमांक मराठीत मोठ्या अक्षरांत छापून जवळ ठेवा. वाचता न येणाऱ्या घरी ते मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाईलमध्ये स्वतः सेव्ह करून द्या.

आणि हे तर होणारच: चाचणी संपली की आजी विचारतील, 'किती मार्क पडले गं मला?' आकडा सांगू नका, टाळाटाळही करू नका. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांची परीक्षा घेतलेली असते. मी सांगते, 'आजी, ही पास-नापासची परीक्षा नाही. काही प्रश्न शाळेतले होते, ते सोडून द्या. तुम्हाला स्वतःला अलीकडे कशात अडतंय, ते सांगा बरं.' यानंतर त्या जे सांगतात, ते पुष्कळदा तीस गुणांच्या चाचणीतून हाती लागलेलं नसतं. त्यासाठी प्रश्नपत्रिकेच्या शेवटी एक कोरं पान ठेवा आणि समितीच्या अर्जात त्या पानाचाही उल्लेख करा, म्हणजे ते बोलणं प्रबंधात वापरता येईल.